कुरडयांचा कोपरा

गेल्या उन्हाळ्यात घरावर सौर पॅनेल बसवायचं ठरलं, तेव्हा मी एक वही केली. मुलगा पुण्याहून म्हणत होता, "बाबा, वही कशाला? फोन करा, माणसं येतील, बसवून जातील." पण जन्मभर सातवीला विज्ञान शिकवलेला माणूस असा सुखासुखी ऐकत नाही. किलोवॅट म्हणजे काय, युनिट म्हणजे काय, काळं पॅनेल आणि निळं पॅनेल यात फरक काय, दिवसा जास्तीची झालेली वीज कुठे जाते, हे सगळं मी पानं आखून लिहून काढलं. आखणी लाल शाईने केली होती. ती बघायला घरात कोणी नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

पॅनेल विकणारे तिघे आले. पहिले दोघे खुर्चीत बसल्या बसल्या भाव सांगून मोकळे झाले. गच्चीवर जायचंही त्यांना सुचलं नाही, म्हणून मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. तिसऱ्या एक बाई होत्या, बुलढाण्याच्या, चाळिशीच्या पुढच्या. त्यांनी आधी मलाच प्रश्न घातले. घरात माणसं किती, पंखे किती, पाण्याची मोटर किती वेळ चालते, वीज दुपारी जास्त लागते की संध्याकाळी? मी वही उघडून फडाफड उत्तरं दिली. मग मी विचारलं, "काळं घेऊ की निळं?" त्या हसल्या. "ते शेवटी ठरवू, काका. पॅनेल सगळीच बरी असतात. जागा चुकली की चांगलं पॅनेलही वाया जातं. एका पॅनेलवर हातभर सावली पडली तरी शेजारची चार ढिली पडतात." आणि मग त्यांनी विचारलं, "तुमच्या गच्चीवर ऊन कसं फिरतं? सावली कुठे येते, किती वाजता?"

मी वहीची पानं उलटत राहिलो. ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. ज्या जागेवर जन्मलो, जुनं पाडून जिथे नवं बांधलं, त्या घराच्या माथ्यावर सावली किती वाजता येते हे मला ठाऊक नव्हतं. जिला ठाऊक होतं तिला जाऊन तीन पावसाळे झालेत.

"वर जाऊन बघून घ्या," मी म्हणालो. बाई जिना चढून वर गेल्या. मी खाली बसून राहिलो आणि मला ती पेटी आठवली.

महाराष्ट्र होऊन वीसेक वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट आहे. देऊळघाटचं आमचं घर तेव्हा धाब्याचं होतं, म्हणजे लाकडी खांबांवर आडव्या कड्या आणि वर पांढऱ्या मातीचं सपाट छत. गावात वीज आली होती, पण ती आमच्याकडे ओसरीतल्या एका दिव्यापुरती. स्वयंपाक सगळा चुलीवर. जळण म्हणजे पऱ्हाटी, कपाशीची वाळलेली झाडं. ती भुर्रकन पेटते, पण धूर असा करते की डोळे उघडे ठेवता येत नाहीत. स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. धुरासाठी छताला एक भोक होतं आणि धूर काही त्याला जुमानत नसे.

बायको लोणार तालुक्यातल्या बीबीची. लग्न होऊन आली तेव्हा चांगली खणखणीत होती. सहा-सात वर्षांत तिला खोकला जडला. सकाळी भाकरी थापताना सुरू व्हायचा आणि मी सायकल काढून शाळेला निघेपर्यंत चालायचा. काढे झाले, हळद-दूध झालं. धूर कुणीच कमी केला नाही.

तेवढ्यात पंचायत समितीच्या आवारात सूर्यचुलीचं प्रात्यक्षिक झालं. एक चौकोनी पेटी, आतून काळी, वर दुहेरी काच आणि झाकणाला आतल्या बाजूने आरसा. आरशाने ऊन आत पाडायचं, काचेने ते आत कोंडायचं आणि आतल्या काळ्या डब्यांत अन्न शिजवायचं. तिथल्या साहेबांनी आमच्यादेखत खिचडी शिजवली आणि द्रोणातून सगळ्यांना दिली. ना धूर, ना फुंकणी. मला बायकोचा खोकला आठवला. हे मी आज स्वतःची बाजू राखायला लिहीत नाही, खरंच आठवला. त्याच दिवशी मी नाव नोंदवलं आणि महिन्याभरात पेटी बैलगाडीतून घरी आली.

आता ती ठेवायची कुठे?

बायकोने पेटीभोवती एक फेरी मारली, आरसा उघडून पाहिला आणि म्हणाली, "जिन्याजवळच्या कोपऱ्यात ठिवा. तिथं कुरडया एका दिसात वाळत्यात. ऊन लई येळ राहतं."

दर उन्हाळ्यात ती धाब्यावर जुनं लुगडं अंथरून कुरडया घालायची. पापड, वड्या, मिरच्या, सगळं वरच. कुठल्या जागी काय किती वेळात वाळतं हे तिला पाठ होतं. पण मी होतो विज्ञानाचा मास्तर. मी होकायंत्र आणलं होतं, वाऱ्याचा विचार केला होता. पश्चिमेला शेजाऱ्यांची माडी होती. तिच्या भिंतीच्या आडोशाला पेटी ठेवली तर वाऱ्याने आरसा फुटायचा नाही, हे मी ठरवूनच टाकलं होतं.

"तिथं दुपारनं माडीची सावली येती," ती म्हणाली.

"तुले काय कळते त्यातलं?" मी म्हणालो.

तिने आरसा मिटवला आणि ती खाली गेली. मला वाटलं, पटलं तिला.

दुसरी अडचण आईची. आई गुडघ्यांमुळे वर चढत नसे, पण घरात कुठली वस्तू कुठे तोंड करून आहे हे तिला बसल्या जागी माहीत असे. तिने खालूनच विचारलं, "त्या चुलीचं तोंड कोनीकडे हाये रे?"

मी समजावून सांगितलं की आता हिवाळा आहे, सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणून तोंड दक्षिणेला.

आई एकदम उठून बसली. "दक्षिणेले? तुह्या बापाच्या वक्ताले दिवा तिकडे तोंड करून ठेवला होता. दहा दिवस म्या तो पाह्यला. आता त्याच दिशेले तोंड करून अन्न शिजवाचं? ह्या घरात नाई."

वडील जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. दक्षिणेकडे वात असलेला तो दिवा ओसरीत जिथे ठेवला होता, तिथे आई अजून पाय ठेवत नव्हती. मला तिच्याशी बोलता आलं असतं. दोन दिवस थांबून, शेजारी बसून, हळूच सांगता आलं असतं. वर्गात पन्नास पोरांना सूर्याची चाल समजावून सांगणारा माणूस स्वतःच्या आईला ती सांगू शकला नाही. मी म्हटलं, "बरं, पूर्वेले ठेवतो." शब्द दिला. आणि शब्द दिला म्हणजे दिला, या तोऱ्यात विटा आणि चिखल घेऊन वर गेलो, माडीच्या भिंतीशी छोटा ओटा केला आणि पेटी पूर्वेकडे तोंड करून विटांत पक्की बसवून टाकली. पेटी दिवसातून दोन-तीनदा उन्हाकडे फिरवायची असते, हे साहेबांनी सांगितलं होतं. ते मी ऐकलं होतं, लिहूनही घेतलं होतं.

पहिल्या दिवशी गल्लीतल्या आठ-दहा बायका बघायला आल्या. बायकोने तुरीची डाळ आणि तांदूळ धुऊन डब्यांत घालून दिले, मी ते नऊ वाजता पेटीत ठेवले आणि काचेला कोणी हात लावायचा नाही अशी ताकीद दिली. अकरापर्यंत पेटी छान तापली. मग ऊन माथ्याकडे सरकलं, पुढे आरशाच्या पाठीमागे गेलं आणि आरशाचीच सावली काचेवर पडली. त्यानंतर माडीची सावली आली. दोन वाजता मी सगळ्यांसमोर डबा उघडला. डाळ दाताखाली कटकट वाजत होती आणि तांदूळ नुसतेच फुगले होते.

एक म्हातारी म्हणाली, "मास्तर, तुमच्या सूर्याले आज सुट्टी होती का?"

सगळ्या हसल्या. माझे कान तापले. आणि मी सगळ्यांदेखत बायकोला म्हणालो, "तूनंच मधात उघडून पाह्यलं असंल. वाफ गेली म्हणून शिजलं नाई."

ती डबा उघडायच्या वेळीच वर आली होती, सकाळपासून तिकडे फिरकलीसुद्धा नव्हती. खाली धुणं धूत होती, हे त्यातल्या निम्म्या बायकांना माहीत होतं. ती दोन्ही डबे उचलून खाली गेली आणि पऱ्हाटी पेटवून तिने डाळ पुन्हा शिजायला ठेवली. खालून खोकल्याचा आवाज येत होता आणि मी वर त्या बायकांना काचेचं तत्त्व समजावत होतो. हा प्रसंग कुणाला सांगायची वेळ आली की माझी जीभ अडखळते. लिहायला त्यामानाने सोपा गेला, कारण लिहिताना समोर कोणी बसलेलं नसतं.

पुढे महिनाभर पेटी तशीच पडून राहिली. अंघोळीचं पाणी कोमट व्हायचं, तेवढाच तिचा उपयोग.

मग एका शनिवारी सकाळची शाळा आटोपून मी एकच्या सुमारास घरी आलो. आई ओसरीत डुलक्या घेत होती. स्वयंपाकघरात चूल थंड होती. मी वर गेलो. ओट्याच्या विटा खुरप्याने सोडवून एका बाजूला रचल्या होत्या आणि पेटी जिन्याजवळच्या कोपऱ्यात होती. खाली पोतं होतं, म्हणजे तिने ती पोत्यावर ठेवून एकटीने ओढत नेली असणार. आरसा थेट उन्हाकडे होता. शेजारी बायको डोक्यावर पदर घेऊन बसली होती. मला बघून ती दचकली, मग तिला हसू आवरेना.

"झालं बघा," ती म्हणाली आणि डब्याचं झाकण काढलं. भात मोकळा, फुललेला. वाफ तोंडावर आली.

"कसं केलं?"

"दोनदा फिरवली. ऊन जिकडं गेलं तिकडं तिचं तोंड केलं. मला दिशा-बिशा कुठं कळती."

त्या वेळी तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, खोकला नव्हता. इतकी खूश मी तिला कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती. आणि मला काय वाटलं असेल? मला राग आला. तिने न विचारता ओटा मोडला याचा, आणि त्याहून जास्त, तिचं बरोबर निघालं याचा. पण राग तिचं बरोबर निघालं म्हणून आला असं कोणी म्हणत नाही. मी म्हणालो, "आता आईले काय सांगू? मी शब्द देल्ला तिले."

"सकाळी तर तिचं तोंड पूर्वेलाच व्हतं," ती म्हणाली. "आन् आत्याबाईला मी सांगती. नाहीतर तुम्ही सांगा. तुमचं ऐकतील."

तिने भात खाली नेला. वरण आदल्या वेळचं होतं, ते चुलीवर गरम केलं. आम्ही तिघं मोठी माणसं जेवायला बसलो. आईने पहिला घास घेतला, दुसरा घेतला आणि म्हणाली, "आज भात कसा मोकळा झाला व बाई. जाळ बरा लागला वाटते."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. सरळ पाहिलं. एवढंच बोलायचं होतं, आई, हा उन्हावर शिजलाय. आई थोडी कुरकुरली असती, ताटावरून उठलीही असती कदाचित, पण घास तर पोटात गेला होता आणि गोड लागला होता. इतका चांगला मौका पुन्हा येणार नव्हता. बायको वाट बघत होती.

मी म्हणालो, "चटणी दे इकडे."

तिने चटणी वाढली. आईला म्हणाली, "व्हय, जाळ चांगला लागला."

जेवण झाल्यावर मी वर गेलो आणि पेटी पुन्हा भिंतीशी न्यायला उचलली. रागाच्या भरात एकट्यानेच. पाय रचलेल्या विटांना लागला, पेटी कलली आणि वरची काच आडवी तडकली. बायको जिन्यात उभी होती. तिने पाहिलं आणि ती खाली निघून गेली. संध्याकाळी आईने विचारलं तेव्हा मी वानरांचं नाव सांगितलं. गावात वानरं होतीच, त्यामुळे कुणाला शंका आली नाही.

तशी काच खामगावला मिळत होती. मी खामगावला वरचेवर जायचो. आल्यावर बायको पिशवी घेता घेता विचारायची, "काच आणली व्हय?" मी म्हणायचो, विसरलो. विसरलो नव्हतो. काच बसली असती तर पेटी कोपऱ्यात ठेवावी लागली असती आणि आईला खरं सांगावं लागलं असतं. वर्ष-दीड वर्ष ती विचारत राहिली. नंतर तिने विचारणं सोडलं, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. आता या वयात मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच, की मला बरं वाटलं होतं. पेटीत मी जुन्या उत्तरपत्रिका ठेवायला लागलो.

घरी गॅस आला तेव्हा मुलं हायस्कुलात होती. तोपर्यंत रोज दोन वेळा पऱ्हाटी. गॅससाठी कडाप्प्याचा ओटा केला, तो सोयीने दक्षिणेच्या भिंतीला आला. म्हणजे स्वयंपाक करणारीचं तोंड थेट दक्षिणेला. मिस्त्रीचं काम झाल्यावर हे माझ्या लक्षात आलं आणि मी धास्तावलो. आई भिंत धरत धरत आली, शेगडी पाहिली, निळा जाळ पाहिला आणि म्हणाली, "लवकर पेटते व बाई हे. चहा टाक." बस्स. दिशेचा शब्दसुद्धा काढला नाही. मी तिथेच उभा होतो. बायकोही होती, पण या वेळी तिने माझ्याकडे पाहिलं नाही, दूध काढायला वळली.

खोकला गॅसने गेला नाही. तो आत रुतला होता. उतारवयात तिला चार पायऱ्या चढल्या की थांबावं लागे. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून विचारलं, "आजी, विडी-तंबाखू?" ती म्हणाली, "न्हाई बा." "मग चुलीवर किती वर्षं स्वयंपाक केला?" ती थोडा विचार करून म्हणाली, "मोजली न्हाईत." मी शेजारच्या स्टुलावर बसलो होतो. पेटी आल्यापासून गॅस येईपर्यंतची वर्षं मला बोटांवर सांगता आली असती. मी गप्प बसलो. गप्प बसण्याचा सराव मला होताच.

तोंडात पंप मारून, जिन्यात दोनदा बसून, ती शेवटून दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत कुरडया घालायला वर जात राहिली. धाब्याच्या जागी स्लॅब झाला होता, पण जिना जुन्याच जागी होता आणि शेजाऱ्यांची माडीही तशीच. मी म्हणायचो, "विकत आणू." ती म्हणायची, "ऊन फुकट चाललंय." टोमणा असेल तर मला कळला नाही. ती टोमणे मारणारी नव्हती. मारले असते तर बरं झालं असतं, एकदा तरी भांडण होऊन माझ्या तोंडून खरं निघालं असतं. मी तिची माफी मागितली नाही. मागायची होती. आज मागू, उद्या मागू करत ती गेलीच.

पॅनेलवाल्या बाईंनी वरून हाक मारली, "काका, जरा वर येता का?"

मी कठडा धरून चढलो. त्या मोबाइल आणि फीत घेऊन सगळी गच्ची फिरल्या होत्या. जिन्याजवळच्या कोपऱ्यात उभ्या होत्या.

"हीच जागा," त्या म्हणाल्या. "तिकडे भिंतीशी दुपारनंतर माडीची सावली येते, तिथे काही उपयोग नाही. इथे सकाळपासून चारपर्यंत मोकळं ऊन आहे. तोंड दक्षिणेला ठेवू, जरासं कलतं."

मी मान हलवली. त्या खाली वाकून स्लॅबकडे बघत होत्या. तिथे चार विटा होत्या, लुगड्याच्या चार टोकांवर ठेवायच्या, अजून तशाच चार टोकांना. मधल्या सिमेंटवर चिकाचे पांढरट डाग होते, वर्षानुवर्षांचे.

"इथे काही वाळवत होते का?"

"कुरडया," मी म्हणालो. "आमची ही घालायची. दरवर्षी इथेच."

बाई हसल्या आणि फीत गुंडाळायला लागल्या. "मग काका, मला कशाला एवढी फिरवलीत? त्यांनाच विचारायचं ना. त्यांना बरोबर माहीत असणार."

"हो," मी म्हणालो. "तिला विचारायला पाहिजे होतं."